बिअर्डेड ड्रॅगनसाठी घरी बनवलेली लाकडी पेटी: पुण्याच्या हवेचा हिशेब धरून

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पेटीच्या खालच्या कडेला सहज हात लागला आणि नख आत रुतलं. प्लाय फुगून त्याचे पदर सुटायला लागले होते. समोरून पेटी अगदी नवी दिसत होती आणि आत गोटू, माझा बिअर्डेड ड्रॅगन जातीचा सरडा, आपल्या दगडावर डोळे मिटून पडला होता. रोज फरशी पुसताना तळाची कड ओली व्हायची. आत पाण्याची वाटी सांडली की तेही पाणी टाइलखालून कोपऱ्यात उतरायचं. कडा दिसत नाहीत म्हणून मी त्यांना रंगाचा एकच हात दिला होता. आठ महिन्यांत ती पेटी टाकावी लागली.

त्यानंतर बनवलेल्या पेटीचा हा चौथा पावसाळा आहे आणि ती ठणठणीत आहे. मापं जवळपास तीच, लाकूडही तेच. फरक कडांच्या कामात आहे. दिवा, थर्मोस्टॅट, जाळी नंतर केव्हाही बदलता येतं. जोडात दडलेली कड एकदा पाणी प्यायली की काही करता येत नाही. म्हणून या लेखात कडांवर जरा जास्तच लिहिणार आहे.

आधी कायद्याचं

आपल्याकडचे सरपटणारे प्राणी घरात ठेवता येत नाहीत. घोरपड, अजगर, धामण, स्टार कासव, कुठलंच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली तो गुन्हा आहे. ‘शुभ असतं’ म्हणून पुण्यात अजूनही घरोघरी स्टार कासवं सापडतात, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. परदेशी प्रजातींचं वेगळं आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या यादीतल्या प्रजाती, उदाहरणार्थ बॉल पायथन किंवा ग्रीन इग्वाना, बाळगायच्या तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. तुमचा प्राणी कोणत्या प्रजातीचा आहे ते शास्त्रीय नावावरून तपासा, कागद हातात घ्या आणि मगच सुताराकडे जा.

गोटू माझ्याकडे आला तो मैत्रीण परदेशी गेली म्हणून. बिअर्डेड ड्रॅगन मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखातला. पूर्ण वाढला की नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ४५ ते ६० सेंटीमीटर होतो. त्याला ४ फूट लांब, २ फूट खोल, २ फूट उंच ही जागा मी कमीत कमी मानते. त्याहून लहान पेटीत एक टोक गरम आणि दुसरं थंड ठेवता येत नाही, आणि त्या दोन टोकांमध्ये ये-जा करूनच हा प्राणी अंगाचं तापमान सांभाळतो.

काचेची टाकी का नको

पहिल्या थंडीत गोटू मैत्रिणीने दिलेल्या फिश टँकमध्येच होता. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो. त्या टाकीत दिवा बंद केल्यावर तासाभरात आतलं आणि बाहेरचं तापमान एक व्हायचं. सारख्याच जाडीच्या प्लायपेक्षा काचेतून उष्णता सहा-सात पटींनी सहज बाहेर जाते. शिवाय टाकीची काच ५ मिलिमीटरची आणि प्लाय १८ मिलिमीटरचा. लाकडी पेटी ऊब धरून ठेवते, तीन बाजूंनी बंद असल्यामुळे प्राणीही शांत राहतो.

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड मात्र घेऊ नका. दिसायला गुळगुळीत असले तरी पाणी लागलं की पावासारखे फुगतात. मी १८ मिलिमीटरचा बीडब्ल्यूपी ग्रेडचा, आयएस ७१० शिक्का असलेला मरीन प्लाय घेतला. तो उकळत्या पाण्याच्या चाचणीतून गेलेला असतो. पण त्यात वाळवी-बुरशीविरुद्ध औषध मुरवलेलं असतं, हेही लक्षात असू द्या. म्हणजे आतून नीट सील करणं लाकडासाठी गरजेचं आहे तितकंच जनावरासाठीही. फॉर्मल्डिहाइड कमी असलेला ई-झिरो किंवा ई-वन प्रकार मिळाला तर तोच घ्या. देवदार आतमध्ये कुठल्याही रूपात नको, त्याच्या तेलाचा सरपटणाऱ्या प्राण्यांना त्रास होतो.

एका शीटमध्ये जवळपास पूर्ण पेटी

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये प्लाय घेतलात तर तिथेच मशिनवर कापून घ्या. घरी हातकरवतीने आठ फुटांचा सरळ काप निघत नाही, आणि कड फाटली की पाण्याला आयती वाट मिळते.

८ × ४ फुटांची शीट म्हणजे २४४० × १२२० मिलिमीटर. आधी लांबीच्या दिशेने मधोमध काप, मग दोन्ही पट्ट्या मधोमध आडव्या. करवतीचं पातं प्रत्येक कापाला ३-४ मिलिमीटर खातं, त्यामुळे १२१८ × ६०८चे चार तुकडे हातात येतात. एक तळ, एक छत. तिसरा पाठीला, पण तो दोन बाजूंच्या मध्ये बसणार म्हणून त्याची लांबी ११८२ करायची (१२१८मधून दोन वेळा १८ वजा). चौथा मधोमध कापला की ६०७ × ६०८च्या दोन बाजू तयार. बाजू तळावर उभ्या राहतात, म्हणून ६०७ ही त्यांची उंची. पाठीचीही उंची ६०८ची ६०७ करून घ्या, नाहीतर छत पाठीवर डुलत राहतं. कारागिराला हा एक मिलिमीटर सांगितला तेव्हा तो म्हणाला, “ताई, एवढ्याने काय होतंय?” पण छताच्या जोडात एक मिलिमीटर म्हणजे मुंगीचा रस्ता.

दर्शनी भागाला आणखी दोन पट्ट्या लागतात, दोन्ही ११८२ लांब. खालची १०० मिलिमीटर उंच, माती-पालापाचोळा अडवायला. वरची ७५, दिवे डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून. या शीटमधून निघत नाहीत, दुकानात पडलेल्या तुकड्यांतून मागून घ्या.

दोन फूट खोली मुद्दाम ठेवली आहे. त्याहून मोठी पेटी फ्लॅटच्या आतल्या दारांतून आडवी जात नाही.

जोडण्याआधीच्या दोन संध्याकाळी

पेटी उभी राहिलेली बघायची घाई होते. पण कडा सगळ्या बाजूंनी हाताला लागतात त्या फक्त आत्ता, तुकडे सुटे असताना.

पहिल्यांदा गोंदाशिवाय सगळं जुळवून बघा, गुण्या लावा, पेन्सिलने खुणा करा. हवेची भोकं आणि वायरचं भोकही आत्ताच पाडा, कारण भोकाची आतली गोल कड हीसुद्धा कापलेली कडच. मग सगळे तुकडे १२० नंबरच्या पॉलिश पेपरने आणि नंतर १८०ने घासा. कडेवर बोट फिरवत जा. प्लायच्या पदरांत मध्येच बारीक पोकळी लागते, तिथे नख अडकतं. अशी प्रत्येक पोकळी वॉटरप्रूफ गोंदात लाकडाचा भुसा कालवून भरायची. बाजारातली लांबी, म्हणजे भेगा भरायची पुट्टी, पावसाळ्यात सुटून येते, हा माझा अनुभव.

आता कडा दोन प्रकारच्या. ज्या जोडात जाणार त्यांना पॉलियुरेथेन (पाणी अडवणारा लेप) लावायचं नाही, कारण त्यावर गोंद धरत नाही. तिथे वॉटरप्रूफ फेविकॉल थोडं पाणी घालून पातळ करा आणि ब्रशने भरपूर लावा. दहा मिनिटांत कड ते पिऊन टाकते, पुन्हा कोरडी दिसायला लागते. मग दुसरा हात. जोडताना जो घट्ट गोंद लागेल तो वेगळा. ज्या कडा उघड्या राहणार, म्हणजे तळाच्या चारही, छताच्या चारही, बाजूंच्या पुढच्या-मागच्या, पट्ट्यांच्या आणि भोकांच्या, त्यांना पाण्यावर चालणाऱ्या पॉलियुरेथेनचे चार हात. पहिला हात पाणी घालून पातळ केलेला, म्हणजे आत मुरतो. तो वाळला की कडेचे तंतू काट्यासारखे उभे राहतात. ३२० नंबरच्या पेपरने हलकं घासून मग पुढचे हात द्या. चौथ्या हातानंतर कडेवर पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब अर्धा तास मोत्यासारखा तसाच राहिला तर काम झालं. पसरला, खालचं लाकूड गडद झालं, तर अजून एक हात.

सपाट भागांना आतून तीन, बाहेरून दोन हात पुरतात. जोड येणाऱ्या १८ मिलिमीटरच्या पट्टीवर मास्किंग टेप लावून ती कोरी ठेवा. थिनरवर चालणारं पॉलिश, मेलामाइन, वाळवीचं औषध यांतलं काहीही आत नको.

जोडणी

आठ नंबरचे ५० मिलिमीटरचे स्क्रू. प्रत्येकासाठी आधी ३ मिलिमीटरचं पायलट होल, नाहीतर कडेत शिरताना स्क्रू प्लायचे पदर फाडतो. दोन स्क्रूंमध्ये १५० मिलिमीटर अंतर, आणि कोपऱ्यापासून पहिला स्क्रू ४० मिलिमीटर आत.

तळ उलटा ठेवून खालून बाजूंमध्ये स्क्रू, मग पाठ, मग पुढच्या पट्ट्या, शेवटी छत. छत घट्ट करण्याआधी समोरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. मापं वरची असतील तर दोन्ही १३२९ मिलिमीटरच्या आसपास यायला हवेत. दोघांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर लांब कर्णावर शिकंजा लावून पेटी ओढून घ्या. हे राहिलं तर पुढे काचा कधीच सरळ सरकत नाहीत.

गोंद वाळला की आतल्या सगळ्या सांध्यांमध्ये सिलिकॉनची बारीक रेघ ओढा. पाकिटावर बुरशीरोधक लिहिलेलं सिलिकॉन घेऊ नका, त्यातलं औषध जनावरासाठी नाही. साधं शंभर टक्के सिलिकॉन. त्याला आधी व्हिनेगरसारखा वास येतो, तो पूर्ण जाईपर्यंत थांबा.

तळाखाली लांबीला दोन बॅटन (लाकडी पट्ट्या) आणि त्यांना रबरी बुश (पाय) लावून पेटी फरशीपासून दोन इंच उचला. या दोन इंचांनी माझी पेटी वाचली. आता पुसण्याचं फडकं खालून फिरतं, कड कोरडी राहते.

हवा

थंड टोकाच्या बाजूला खाली, जमिनीपासून साधारण १०० मिलिमीटरवर, ५० मिलिमीटरची तीन भोकं. गरम टोकाच्या बाजूला वर, छतालगत, तीन. गरम हवा वरून निघते आणि खालून थंड हवा ओढली जाते, जुन्या चुलीच्या धुराड्यासारखं. आतून स्टीलची बारीक जाळी. मी पुढे वर दोन भोकं वाढवली. तेव्हा भोकं कमीच ठेवा, वाढवता येतात, बुजवता येत नाहीत.

पावसाळ्यात मला एक भीती होती: बाहेर दमटपणा ८० टक्के असताना कोरड्या मुलखातल्या या प्राण्याचं काय होणार? दमटपणा मोजणारा हायग्रोमीटर लावल्यावर उलगडा झाला. २५ अंशांची ८० टक्के दमट हवा ३५ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे गरम टोक आपोआप कोरडं होतं. अडचण थंड टोकाची असते, आणि तिथे उपाय एकच, हवा खेळती ठेवणं. जून ते सप्टेंबर मी पाण्याची वाटी रात्रभर आत ठेवत नाही. सकाळी ठेवते, दुपारी काढते.

काच

शोकेसला लावतात ती दोन खाचांची चॅनेल आणा, बोहरी आळीत सहज मिळते. जास्त खोल खाचेची वर, उथळ खाचेची खाली. काच आधी वरच्या खाचेत घालायची, उचलायची आणि खालच्या खाचेत सोडायची.

इथे माप चुकतं ते नेहमी काच आधी मागवल्यामुळे. चॅनेल बसवा, मग खालच्या खाचेच्या तळापासून वरच्या खाचेच्या माथ्यापर्यंत मोजा. त्यातून खालच्या खाचेची खोली आणि वर २ मिलिमीटर वजा करा. माझ्याकडे ते अंतर ४२८ आलं, खालची खाच ५, वरची १२. म्हणून काचेची उंची ४२१. उचलली की ७ मिलिमीटर वर जाते आणि खालच्या खाचेतून सुटते. सोडली की वर ५ मिलिमीटर अडकलेली राहते. रुंदीत दोन काचा एकमेकींवर ४० मिलिमीटर याव्यात, म्हणून प्रत्येकी ६११. जाडी ५ मिलिमीटर, कडा घासून पॉलिश केलेल्या. टफन्ड काच घेणार असाल तर माप तीनदा तपासा, ती नंतर कापता येत नाही.

ऊन

पेटी बाल्कनीच्या काचेपाशी ठेवली की ऊन मिळतं, असं बरेच जण मानतात. खिडकीच्या काचेतून यूव्हीबी, म्हणजे उन्हातले एका प्रकारचे अतिनील किरण, जवळपास येतच नाहीत. यूव्हीबीशिवाय ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ होतात, जबडा वाकतो. असा वाकलेला जबडा मी एका जनावराचा हातात घेऊन पाहिला आहे. तो पुन्हा सरळ होत नाही.

टी-५ हाय आउटपुट, १० किंवा १२ टक्के यूव्हीबीची ३९ वॅटची नळी घ्या, लांबी ८४९ मिलिमीटर. ती गरम टोकाकडून सुरू होऊन पेटीच्या दोन-तृतीयांश भागावर येते. छताला आतून लावा, मध्ये जाळी नको, जाळी बरेच किरण खाते. बसायच्या दगडावर प्राण्याची पाठ नळीपासून ३० सेंटीमीटरच्या जवळपास यावी. नळी उजेड देत राहते पण यूव्हीबी कमी होत जातो, म्हणून बसवल्याची तारीख तिच्यावर लिहा आणि वर्षाने बदला.

उबेसाठी त्याच टोकाला ७५ वॅटचा हॅलोजन, सिरॅमिक होल्डरमध्ये. प्लास्टिकचा होल्डर वितळतो. होल्डर आणि छताचा प्लाय यांच्यात ६ मिलिमीटर सिमेंट शीटचा तुकडा, आणि दिव्याभोवती तारेचा पिंजरा, कारण हा प्राणी उडी मारून दिव्याला बिलगू शकतो. ऊब आणि यूव्हीबी एकाच जागी पडायला हवेत, बाहेर उन्हात पडतात तसे.

थर्मोस्टॅट, सेन्सर, वायर हे तपकीर गल्लीत एका फेरीत होतं. हॅलोजनला डिमर प्रकारचा थर्मोस्टॅट लागतो. साधा चालू-बंद करणारा लावला तर दिवा दिवसभर मिचकत राहतो. सेन्सर तारेच्या क्लिपने पक्का बांधा. एकदा माझ्याकडचा सेन्सर निसटून थंड टोकाला पडला, तिथे कायम २६ अंश दिसत राहिले आणि दिवा पूर्ण ताकदीने पेटत राहिला. दगड ५० अंशांवर गेला होता. मी घरी होते म्हणून निभावलं. ज्या प्लगवर पेटी आहे त्याला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (शॉक लागू लागताच वीज तोडणारा स्विच) हवीच.

आतली जमीन

तळावर खरखरीत सिरॅमिक टाइल सुट्या अंथरा, चिकटवू नका. महिन्यातून एकदा उचलून खालचा प्लाय बघता आला पाहिजे. उबेच्या जागी कडप्प्याचा तुकडा ठेवा. काळा असल्यामुळे पटकन तापतो, दिवा बंद झाल्यावरही तासभर कोमट राहतो, आणि त्याच्या खरखरीत कडांवर नखंही झिजतात. स्वयंपाकाचे ओटे करणाऱ्यांकडे असे तुकडे पडलेले असतात. तो थेट टाइलवर टेकलेला हवा. खाली वाळू असेल तर प्राणी ती उकरतो आणि दगड त्याच्यावर येतो.

सगळं मिळून पेटी पन्नास किलोच्या पुढे जाते. म्हणून ती जिथे राहणार त्याच खोलीत काचा, टाइल आणि दगड घाला.

रिकामी पेटी चालवून बघा

शेवटच्या हातानंतर दोन-तीन आठवडे काचा उघड्या ठेवून पेटी नुसती राहू द्या. पॉलियुरेथेन हाताला कोरडं एका दिवसात लागतं, पण आतून पक्कं व्हायला वेळ घेतं. मग दिवे लावून, काचा बंद करून चार तास ठेवा, आणि काच सरकवून डोकं आत घालून वास घ्या. थोडासाही वास आला तर आणखी एक आठवडा.

नंतर सलग पाच दिवस वेळापत्रकाप्रमाणे चालवा आणि वहीत लिहा. दगडाचा पृष्ठभाग ४० ते ४२ अंश, तो इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा. थंड टोकाची हवा २४ ते २८. रात्री २० अंशांपर्यंत उतरलं तरी चालतं. पुण्यातल्या जानेवारीत त्याखाली जातं, तेव्हा उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, त्याला स्वतंत्र थर्मोस्टॅट.

खरी कसोटी एप्रिल-मेची. खोलीच ३७ अंशांवर असेल तर पेटीचं थंड टोक त्याच्या खाली जाऊ शकत नाही. त्या दिवसांत मी हॅलोजन सकाळी ७ ते १० एवढाच लावते, यूव्हीबी दिवसभर, आणि दुपारी खोलीचा एसी २७वर. दगडावर बसून तोंड उघडं ठेवणं हे त्याचं नेहमीचं. पण थंड टोकाला जाऊनही तोंड उघडंच असेल तर त्याला लगेच बाहेर, गार जागी घ्या.

मुंग्यांसाठी आजीचाच उपाय: बुशखाली चार पसरट स्टीलच्या वाट्या आणि त्यात बोटभर पाणी. पाणी बुशच्या वर जाऊन बॅटनला लागू देऊ नका.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी गोटू टबमध्ये जातो, टाइल बाहेर येतात. मी चारही कडांवर नख ओढत जाते, जिथे पॉलियुरेथेन विरलंय तिथे घासून दोन हात देते. टबमधला मुक्काम आठवडाभर. परत आला की तो आधी पूर्ण पेटी जीभ लावत फिरतो आणि मग कडप्प्यावर चढून बसतो.